पाच टक्के निधी पाकिटांत वाटू नका

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम गावातील दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा महाराष्ट्र शासनाचा नियम आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. 2018 साली ते पाचवर नेण्यात आले. घरपट्टी, बाजारकर, गाळ्यांचे भाडे असे जे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न असते, त्यातून हा निधी वेगळा काढायचा असतो. आमच्या भागातील अनेक गावांत त्याचा खर्च एकाच पद्धतीने होताना मी पाहत आलो आहे. मार्चअखेर जवळ आली की यादीतील नावांनी रक्कम भागली जाते, छोटासा कार्यक्रम होतो, प्रत्येकाच्या हाती पाकीट किंवा धनादेश पडतो आणि विषय पुढच्या मार्चपर्यंत मिटतो. गरजू घरात त्या पैशाने आठवडाभराचा किराणा येतो, हे मला माहीत आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. पण ज्या निधीतून एखाद्याच्या रोजगाराची कायमची सोय लागू शकते, तो असा वाटून संपवणे मला पटत नाही.

हे मी माझ्या चुलत भावाकडे पाहून लिहीत आहे. लहानपणी पोलिओने दादाचे दोन्ही पाय गेले. त्याने तालुक्याच्या गावी एका कारागिराकडे बसून मोटार रिवाइंडिंगचे काम शिकून घेतले आणि आज पंचक्रोशीतील विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडेच येतात. जमिनीवर पोते अंथरून, स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा, तारेची गुंडाळी असलेला भाग, समोर घेऊन तो बसतो. जळालेली तार छिन्नीने कापून काढायची, खाचा साफ करून त्यांत इन्सुलेशनचा कागद बसवायचा, ठरलेल्या जाडीच्या तांब्याच्या तारेचे मोजून वेढे घेतलेली कॉइल एकेका खाचेत पट्टीने दाबून बसवायची, जोडण्या बांधायच्या आणि शेवटी वार्निश देऊन वाळवायची, या कामात पायांची गरज कुठेच लागत नाही. त्याची अडचण वेगळीच होती. टेंपोतून उतरवलेली जड मोटार जागेवरून हलवायला दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागे आणि उन्हाळ्यात, ऐन हंगामात, हाकेला माणूस मिळत नसे. त्याला हवी होती ती छताच्या तुळईला अडकवलेली एक चेन पुली आणि रस्त्याच्या पातळीवरचा गाळा. वर्षानुवर्षे पाकीट घेतलेल्या माणसाला तुझ्या कामात अडते कुठे, असे कोणी विचारलेच नव्हते. ग्रामसभेत लेखी मागणी केल्यावर स्वयंरोजगाराचे साहित्य म्हणून ती पुली मंजूर झाली. गाळा अजून मिळालेला नाही, कारण व्यापारी संकुलाच्या सगळ्याच गाळ्यांना पुढे तीन-तीन पायऱ्या आहेत.

निधी मागायचा तर हाती दिव्यांगत्वाचा दाखला हवा, आणि अनेक घरांची गाडी तिथेच अडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आले. हात, पाय, डोळे आणि कान यांपलीकडे लोकांची कल्पना अजून जात नाही. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन, दीर्घकालीन मानसिक आजार, स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता आणि ॲसिड हल्ल्यातील इजा हे सारे या यादीत आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर भरायचा असतो, त्यानंतर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि मग देशभर चालणारे ओळखपत्र मिळते. ज्यांना जमेल त्यांनी शेजारच्या घरातील अर्ज भरून द्यावा आणि तपासणीच्या दिवशी सोबत जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अनेक रुग्णालयांत हाडांच्या, कानांच्या, डोळ्यांच्या आणि मनोविकारांच्या तपासणीचे वार वेगवेगळे असतात. ते आधी विचारून न गेल्यास अख्खा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडतात. एका सरकारी रुग्णालयात मी पाहिले की तपासणीची खोली वरच्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद होती आणि एक आई आपल्या मोठ्या झालेल्या मुलाला पाठुंगळी घेऊन जिना चढत होती. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली, पण तक्रारवही कोणी मागितली नाही. मी मागितली.

दाखल्यानंतरचे लाभ बऱ्यापैकी ठाऊक असतात, म्हणून ते थोडक्यात सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. एसटीच्या प्रवासभाड्यात 75 टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत ठरावीक प्रकारांनाच मिळते, मात्र त्यांत सोबत्यालाही ती लागू होते. शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के आरक्षण आहे. लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्यास तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळतात. नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कारणावरून सरकारी आस्थापनेला सर्वसाधारणपणे कर्मचाऱ्याला काढता येत नाही. हे कलम मी मुद्दाम नोंदवतो, कारण अपघातानंतर घाबरून राजीनामा लिहून देणारी माणसे मी पाहिली आहेत.

पण बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या पालकांशी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण त्यांच्यासाठीच्या दोन महत्त्वाच्या सोयी गावात कोणी सांगत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय ही आरोग्य विमा योजना चालते. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि खर्चात थेरपीचाही समावेश होतो. दुसरी सोय पालकत्वाची. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आई-वडिलांची सही आपोआप चालेनाशी होते. बँकेचे खाते असो की वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा, सगळीकडे अडचण येते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालक म्हणून नियुक्तीचा अर्ज करता येतो. ‘आमच्यामागे याचे कसे होणार’ हा प्रश्न आई-बाप रात्री एकमेकांना विचारतात. त्याच्या उत्तराचा निदान एक भाग या अर्जात आहे, आणि तो आपण धडधाकट असतानाच करून ठेवायला हवा.

संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्र दरिद्री नाही. मुंबईत हाजीअलीला शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. मला सर्वांत जवळचे वाटते ते कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डचे काम. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखाली पक्षाघात झाला; चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी नोकरी केली आणि 1984 साली सहकाऱ्यांसह ही संस्था उभी केली. वसतिगृह, शिक्षण, उपचार आणि पुढे सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेसारखा रोजगार अशी साखळी तिथे जोडली गेली. मुलाला शाळेत घातले आणि जबाबदारी संपली असे तिथे मानले गेले नाही, म्हणून मला ते काम मोठे वाटते. सांगलीचे मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक मिळवले, आणि 2024 मध्ये त्याच जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी पॅरिसला गोळाफेकीत रौप्य आणले. त्यांचे फलक आपण चौकात लावतो. त्याच चौकातील ग्रामपंचायतीच्या दारात चाकाची खुर्ची चढत नाही, याकडे मात्र लक्ष जात नाही.

पाच टक्के निधीतून वैयक्तिक लाभाबरोबर सामूहिक कामेही करता येतात. आमच्या कार्यालयासमोर अशाच खर्चातून एक रॅम्प बांधला गेला, पण तो इतका चढा आहे की खुर्ची ढकलणारा माणूसच मागे घसरतो. उताराचे मान साधे आहे: एक फूट उंची गाठायला किमान बारा फूट लांबी हवी. कार्यालयाचे जोते दोन फूट उंच आहे, म्हणजे रॅम्प चोवीस फूट लांब आणि मध्ये विसाव्याला सपाट जागा असलेला हवा. बांधलेला रॅम्प जेमतेम सात फुटांचा आहे. दोन्ही बाजूंना कठडाही नाही.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी आम्ही काही घरांनी मिळून अर्ज तयार केला आहे. यादीतील प्रत्येकाच्या घरी जाऊन कामातील आणि वावरातील अडचण विचारावी व त्यावरून मार्चपूर्वी खर्चाचा आराखडा करावा, रॅम्प तोडून मापाप्रमाणे बांधावा, संकुलातील टोकाच्या गाळ्याच्या पायऱ्या काढून तिथे उतार करावा आणि तो गाळा दिव्यांग व्यावसायिकासाठी राखून ठेवावा, अशा मागण्या त्यात आहेत. अर्जाची पोच घेतली आहे. ठरावात शब्द काय उतरतात ते पाहण्यासाठी इतिवृत्ताची प्रतही मागणार आहोत. कोणाला आपल्या गावासाठी हा मसुदा हवा असेल तर मला जरूर कळवा, मी पाठवीन.