चॉकलेटातली हुमणी

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ऱ्हाईनजवळच्या कायझरष्टूल टेकड्यांत द्राक्षमळ्यांचं एक गाव आहे. नोकरीपायी सध्या तिथं बस्तान. वसंतात इथल्या दुकानांत चकचकीत कागदात गुंडाळलेले, कागदी पायांचे चॉकलेटचे किडे विकायला येतात. मुलांना काय, काहीही आवडतं, असं म्हणून मी पुढं जायचो. मग मे महिन्यातल्या एका संध्याकाळी खराखुरा किडा दिव्यावर आपटून बाल्कनीत उताणा पडला.

हातावर घेतला. इंचभर लांब, पाठ तांबूस तपकिरी, पोटाच्या दोन्ही कडांना पांढऱ्या त्रिकोणांची नक्षी आणि मागं टोकदार शेपूट. मिशांची टोकं पंख्यासारखी उलगडतात. नराच्या पंख्याला 7 पाकळ्या, मादीच्या 6. माझा पाहुणा नर निघाला. उडायची घाई नाही. आधी बराच वेळ पोट हलवून हवा भरून घेतो, मग घरघरत निघतो आणि पुन्हा भिंतीवर आदळतो.

‘मायकेफर!’ म्हणजे मे महिन्यातला भुंगा. शेजारच्या आजी हरखल्या. त्यांच्या लहानपणी पोरं हे किडे बुटाच्या खोक्यात पाळायची. पांढुरकी लव असलेला ‘गिरणीवाला’, काळपट तो ‘धुराडं साफ करणारा’ आणि लालसर मिळाला तर ‘सम्राट’.

याची अळी तीन-चार वर्षं जमिनीत मुळं खात काढते. पांढरी, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची. फोटो बघितला आणि चमकलोच. ही तर आमच्या हुमणीची सख्खी चुलतबहीण! कोल्हापूरकडं उसाचं बेट पिवळं पडलं, की ओढून बघायचं. अलगद हातात आलं तर खाली हुमणी बसलेलीच. वळवाचा पाऊस झाला, की तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवायच्या, पडतील ते वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे. आमचं बालपण त्यात गेलं. खोकी कुठली न् सम्राट कुठले!

अर्थात युरोपातली मंडळीही काही साव नव्हेत. 1320 साली फ्रान्समधल्या आविन्यों शहरात या किड्यांवर चक्क खटला चालला होता. पुढं इथं त्यांचं सूपही होऊ लागलं, माणशी तीसेक किडे. विसाव्या शतकात डीडीटीसारखी औषधं फवारली गेली, किडा दिसेनासा झाला आणि तेव्हा कुठं सगळ्यांना त्याचा कळवळा आला. आता तो परतलाय. आजींना आनंद आहे. पलीकडच्या द्राक्षमळेवाल्याच्या कपाळावर मात्र आठ्या आहेत. मला तो लगेच जवळचा वाटला.

आबांना गावी फोटो पाठवला, सोबत चॉकलेटचाही. दहा मिनिटांत फोन.

“चॉकलेटचं र्‍हाऊ दे. त्या जित्त्या किड्याचं काय केलंस?”

“सोडला, आबा.”

“सोडलास? आरं, शेजाऱ्याच्या मळ्यात जाईल की त्यो!”