पाचोरा ते मालदीव : ९६ तासांचा हिशेब

मालदीवने करोनामुळे दक्षिण आशियातील पर्यटकांसाठी १३ मे २०२१ पासून बंद केलेला प्रवेश १५ जुलैला पुन्हा खुला केला आणि दिवाळीनंतर जायचे आम्ही पती-पत्नींनी नक्की केले. व्हिसाची चिंता नव्हती. तेथे उतरल्यावर तो विनामूल्य मिळतो. मुख्य अट आरटी-पीसीआर चाचणीची होती: प्रस्थानापूर्वीच्या ९६ तासांत स्वॅब दिलेला असावा आणि अहवालावर पासपोर्टप्रमाणे नाव, प्रयोगशाळेचे नाव-पत्ता व नमुना घेतल्याची तारीख स्पष्ट असावी.

मुंबईकराला ९६ तास ऐसपैस वाटतील. जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्याच्या माणसाला मात्र त्यातून नमुना बाहेरगावी पोहोचण्याचा वेळ, अहवालाची प्रतीक्षा आणि रेल्वेचा प्रवास वजा करावा लागतो. आमच्याकडील संकलन केंद्रात चौकशी केली, तेव्हा नमुना पुढे पाठवला जातो आणि अहवालावर तो मिळाल्याची वेळ छापून येते, असे समजले. अट नमुना घेतल्याच्या तारखेची असल्याने तो मार्ग आम्ही सोडून दिला आणि ज्या खासगी प्रयोगशाळेत स्वॅब घेणे व तपासणी दोन्ही एकाच ठिकाणी होत होते, तेथे थेट जळगावला गेलो. विमान रविवारी सकाळचे असल्याने गुरुवारी सकाळी स्वॅब द्यायचा, शुक्रवारी अहवाल घ्यायचा आणि शनिवारी गाडी पकडायची, असे गणित बसवले. गाडीचे आरक्षण आधीच करून ठेवले होते, कारण त्या काळात आयत्या वेळी जनरलच्या डब्यात चढण्याची सोय राहिली नव्हती.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो नावाने. पत्नीचा पासपोर्ट लग्नापूर्वीचा, म्हणजे माहेरच्या नावाचा. आधार कार्ड सासरच्या नावाचे, आणि लस आधारवर घेतल्याने कोविनचे प्रमाणपत्रही त्याच नावाचे. कोविनवर नावाची दुरुस्ती एकदाच करता येत असे, त्यामुळे पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिल्यावरच ती पाठवली आणि पासपोर्ट क्रमांकही जोडून घेतला. प्रयोगशाळेतील मुलाने सवयीने आधार मागितले व संगणकावर ‘सौ.’ लावून सासरचे नाव घातले.

‘‘दादा, पासपोर्टवर आहे तेच नाव टाका, सौ. नको,’’ पत्नी म्हणाली.

‘‘ताई, आम्ही सगळ्यांचं आधारवरूनच टाकतो.’’

अखेर पासपोर्टची छायाप्रत अर्जाला जोडल्यावर त्याने नाव बदलले, क्रमांक लिहिला आणि छापण्यापूर्वी पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. हा शेवटचा आग्रह प्रत्येकाने धरावा असे माझे मत आहे. विमानतळावरील खिडकीपाशी माहेर-सासरचा खुलासा ऐकायला कोणाला वेळ नसतो.

प्रवासापूर्वीच्या २४ तासांत मालदीवच्या ‘इमुगा’ या संकेतस्थळावर आरोग्य घोषणापत्र भरायचे होते. ते शनिवारी मुंबईत उतरल्यावर भरले, कारण आधी भरले तर मुदतीबाहेर जाते आणि धावत्या गाडीत कसारा घाटातल्या नेटवर्कचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता. त्यातून मिळणारा क्यूआर कोड कागदावरही छापून घेतला. मुंबईत विमान कंपनीने अहवाल, कोड आणि हॉटेलचे आरक्षण तपासले. मालेच्या वेलाना विमानतळावर त्यापेक्षा निम्मीच विचारपूस झाली.

परतीचा नियम भारताचा आणि अधिक कडक होता. ७२ तासांच्या आतला अहवाल हवा आणि तो ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावर पासपोर्टच्या प्रतीसह आधी चढवायला हवा. आम्ही होतो त्या बेटावर रिसॉर्टखेरीज काहीच नव्हते. म्हणून पोहोचल्याच दिवशी स्वागतकक्षात स्वॅबची वेळ ठरवून घेतली आणि नमुना बोटीने केव्हा रवाना होतो, हेही विचारून ठेवले. अहवाल सायंकाळी ई-मेलवर आला. तो चढवला, ‘इमुगा’चा परतीचा अर्जही भरला आणि मुंबईत तापमान तपासून, प्रकृतीवर लक्ष ठेवण्याच्या सूचनेसह आम्हाला बाहेर सोडण्यात आले.