शेवटचे गोंडे

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं म्हणतात. आमच्या गुहागरात फुलझाडं थंडीने नाही, पाण्यावाचून जातात. दिवाळी उलटली की जांभा दगडाची जमीन बघता बघता कोरडी ठक्क. तेरडा तर गौरींबरोबरच आटोपतो. उरतात गोंडे, म्हणजे झेंडू, आणि कडेची अबोली, जिला कशाचंच सोयरसुतक नसतं.

गेल्या वर्षी गोंड्याचं बी धरायला गेलो आणि फसलो. अर्धवट सुकलेली फुलं प्लास्टिकच्या डबीत भरली, जूनमध्ये झाकण उघडलं तर आत काळी बुरशी.

यंदा पहिली अडचण घरातच. बी हवं तर फूल झाडावरच वाळायला हवं, आणि आईला मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला फुलं हवीत. "दारात गोंडा असताना बाजारातनं आणायचा होय रे?" खरं तर तिच्या खुडण्यानेच नव्या कळ्या येत होत्या. मी तांदळाचं धुवण ओतायचो, ती तोडायची, बहर महिनाभर लांबला. मग सहा टपोऱ्या फुलांच्या देठांना लाल दोरा बांधला. दोऱ्याची माझी, बाकीची लक्ष्मीची. दुसऱ्या गुरुवारी एक दोरा नुसताच लोंबत होता. मी काही विचारलं नाही.

देठ तपकिरी होऊन वाळला की फूल काढायचं, तेही दुपारी. सकाळी दवाने ओलं असतं, गेल्या वर्षीची चूक तीच. वाळलेलं आवरण नखाने फाडलं की आत काळ्या सुयांची जुडी. प्रत्येक सुईच्या टोकाला फिकट कुसळांचा झुपका आणि सुकून चोळामोळा झालेली पाकळी. म्हणजे आपण जिला पाकळी म्हणतो ते खरं एकेक फूलच. बऱ्याच सुया पोकळ निघाल्या, नखाखाली चपट्या होणाऱ्या. त्या फेकल्या. रोपवाटिकेतून आणलेल्या संकरित भगव्याचं बी धरलंच नाही, पुढच्या वर्षी तसाच भगवा येईल याचा भरवसा नाही. आमचा जुना पिवळा बरा.

आठवडाभर सावलीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवलं, मग पुरचुंडी बांधली. शेवटच्या गुरुवारी झाडावर एकच फूल होतं, दोऱ्याचं. आईने ते बघितलं आणि अबोली खुडायला वळली. पुरचुंडी मात्र तिनेच मागून घेतली, आणि फळीवर राखेत घोळलेल्या तवशाच्या, म्हणजे काकडीच्या, बियांशेजारी ठेवली.