तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं गप्प बसलं तर तुरुंग कसा?

मी अमेरिकेत वकिलांच्या ऑफिसात काम करते हे कळलं, की गप्पांत हा प्रश्न हमखास येतो: "तिथे म्हणे साक्षीदार बोलला नाही तर आत टाकतात. गुन्हा काय त्याचा?"

गुन्हा नसतोच, तीच तर गोम आहे.

फेडरल ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायला पुरेसा आधार आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, उत्तर नाकारलंत की सरकारी वकील न्यायाधीशांकडे जातो. ते उत्तर द्यायचा हुकूम काढतात, आणि तो मोडला की न्यायालयाचा दिवाणी अवमान. त्यापायी होणारी कैद कायद्याच्या लेखी शिक्षा नसते, दबाव असतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, एवढंच तत्त्व. तुरुंगाची किल्ली कैद्याच्याच खिशात आहे, असं इथले न्यायाधीश फार पूर्वीपासून म्हणत आलेत.

"मग पाचवी घटनादुरुस्ती?" स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आहेच. पण सरकार अभय देऊ शकतं: तुम्ही सांगाल ते, आणि त्याच्या धाग्यावरून हाती लागेल ते, तुमच्याविरुद्ध वापरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली एवढं अभय पुरेसं ठरवलं. ते मिळालं की हा हक्क पुढे करता येत नाही. त्याच वर्षी पत्रकारांनाही वेगळी सूट नाकारली गेली.

ग्रँड ज्युरीच्या खोलीत साक्षीदाराच्या वकिलाला प्रवेश नाही. आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये ताटकळत. आत सोळा ते तेवीस ज्युरर आणि सरकारी वकील. साक्षीदार प्रश्न वहीत उतरवून घेतो, परवानगी मागून बाहेर येतो, आम्हाला दाखवतो, पुन्हा आत. एकदा एका बाईंच्या तळहाताला इतका घाम सुटला होता, की शाई फिसकटून प्रश्नातलं नावच वाचता येईना. बिचाऱ्या ते परत विचारायला आत गेल्या.

ज्युडिथ मिलर या पत्रकार २००५ मध्ये ८५ दिवस आत होत्या. ज्याने माहिती दिली त्यानेच नाव न सांगण्याच्या शब्दातून मोकळं केलं, तेव्हा बोलल्या. क्लिंटन दांपत्याच्या जमीन व्यवहाराच्या, म्हणजे व्हाइटवॉटर चौकशीत, त्यांच्या त्या व्यवहारातल्या भागीदार सुझन मॅकडूगल यांनी पुरे १८ महिने काढले. कायद्याची मर्यादाही तेवढीच: १८ महिने किंवा ज्युरीची मुदत, आधी संपेल ते.

मला सगळ्यात विचित्र वाटतो तो यातला तर्क. कैद दबावासाठी आहे, तर जो शेंडी तुटो वा पारंबी, बोलणारच नाही, त्याला ठेवून उपयोग काय? म्हणून सुटायचं तर वकिलाने सिद्ध काय करायचं? आपला अशील हट्टी आहे, हे! एरवी आम्ही कोर्टात अशील किती समजूतदार ते सांगत असतो.

गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकीलीक्स या संकेतस्थळाच्या प्रकरणात, त्याला ती पुरवणाऱ्या माजी सैनिक चेल्सी मॅनिंग यांच्या वकिलांनी हेच मांडलं. २०१९ च्या मे महिन्यात त्यांना दुसऱ्यांदा आत टाकताना कैदेवर दंडही चढवला होता: ३० दिवसांनंतर रोज ५०० डॉलर, ६० दिवसांनंतर रोज १,०००. मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी त्यांना सोडलं खरं, पण हट्ट मान्य करून नव्हे. ग्रँड ज्युरीचं कामच आटोपलं होतं, साक्ष कोणालाच नको होती. २,५६,००० डॉलरचा दंड मात्र त्यांनी कायम ठेवला.