तुम्ही विचारलंत म्हणून: नाइटांविषयी वाचायचं तर आधी काय?

'युरोपातल्या नाइटांवर एखादं चांगलं पुस्तक सांगा' असं विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेकदा शिव्हलरीच्या, म्हणजे घोड्यावरून लढणाऱ्या या योद्ध्यांच्या आचारधर्माच्या, त्या 'दहा आज्ञा' असतात. दुबळ्यांचं रक्षण कर, दिला शब्द पाळ, वगैरे. त्या मध्ययुगातल्या नाहीतच. लेओं गोतिए या फ्रेंच विद्वानाने जुन्या काव्यांचा अर्क काढून १८८४ मध्ये त्या बेतल्या. म्हणून सुरुवात आज्ञांपासून नको, घोड्यापासून करा.

म्हणजे आधी फ्रेंच इतिहासकार जॉर्ज द्युबीचं, विल्यम मार्शल या इंग्लंडच्या नामांकित नाइटवरचं छोटं पुस्तक. मार्शल १२१९ मध्ये वारला. मुलाने त्याच्यावर फ्रेंचमध्ये एकोणीस हजारांवर ओळींचं काव्य रचवून घेतलं, ते एकाच हस्तलिखितात टिकलं आणि द्युबीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. बाराव्या शतकातली टूर्नामेंट, म्हणजे नाइटांची खेळातली लढाई, त्यात खरी दिसते. दोन फौजा, आखीव मैदान नाही, शेतं आणि वस्त्या तुडवत चाललेली धुमश्चक्री. शत्रूला मारण्यापेक्षा धरण्यात फायदा. लगाम पकडून त्याला घोड्यासकट ओढत आणायचं, की घोडा आणि चिलखत आपलं, वर सुटकेची खंडणी. मार्शल आणि त्याचा भागीदार यांनी एका हंगामात १०३ नाइट धरले. हा आकडा काव्यात येतो तो मुदपाकखान्याच्या कारकुनाच्या टिपणाचा हवाला देऊन! घोडा गेला की काय होतं, हे शिलेदार आणि बारगीर यांतला फरक ठाऊक असलेल्याला समजावायला नको. पहिल्याच चकमकीत मार्शलचा घोडा मेला, तेव्हा अंगावरचा मानाचा झगा विकून त्याने साधं तट्टू घेतलं.

दोन गोष्टी सांभाळा. काव्याचे पैसे घरच्यांनी दिलेत, त्यामुळे त्यात मार्शल फारसा चुकत नाही. आणि द्युबीला तो बळकट पण मंदबुद्धी वाटतो. सत्तरीच्या आसपास इंग्लंडचा राज्यकारभार ज्याच्या हाती सोपवला, त्याच्याबद्दल हे पटत नाही. इतिहासकार डेव्हिड क्राउचचं मार्शल-चरित्र त्यावर उतारा आहे. काव्यच वाचायचं तर नायजेल ब्रायंटचा २०१६ चा गद्य अनुवाद सोपा पडतो.

मग क्राउचचंच 'टूर्नामेंट' (२००५). चर्चने ११३० मध्ये बंदी घातली, ती १३१६ पर्यंत राहिली, आणि खेळ चालूच राहिला. इंग्लंडात तर पहिल्या रिचर्डने ११९४ मध्ये पाच जागा ठरवून परवान्याची फीच लावली: अर्ल या बड्या सरदाराला २० मार्क (तेव्हाचं हिशेबी चलन), त्याखालच्या बॅरनला १०, जमीनवाल्या नाइटला ४, बिनजमिनीच्याला २. फक्त इंग्लंडचा तपशील हवा असेल तर ज्युलिएट बार्कर.

नाइटाच्या स्वतःच्या तोंडून ऐकायचं तर चौदाव्या शतकातला फ्रेंच नाइट जोफ्रुआ द शार्नी. याचा ग्रंथ १३५० च्या सुमाराचा. लेखक १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत राजध्वज हाती असताना पडला, त्यामुळे उपदेश कोरडा नाही. त्याची उतरंड सरळ आहे: भाल्यांची जोडझुंज चांगली, टूर्नामेंट त्याहून चांगली, युद्ध सगळ्यांत वर. जो जास्त करतो तो जास्त मोलाचा. मूळ फ्रेंचसह इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये निघाला आहे.

मॉरिस कीनचं 'शिव्हलरी' (१९८४) बहुतेक जण पहिलं सुचवतात. मी ते शेवटी ठेवतो. पुस्तक अव्वल आहे, पण कुलचिन्हं, दीक्षाविधी, नाइटांचे संघ अशी नावं आणि प्रथा ते भराभर मांडत जातं, आणि नवखा वाचक पन्नासाव्या पानावर गळतो. हातात आलंच तर टूर्नामेंटवरचं प्रकरण आधी काढा.

चित्रांबाबत मात्र जपून. दोन स्वारांच्या मधे लाकडी कठडा दिसला तर ते चित्र पंधराव्या शतकातलं किंवा नंतरचं समजा. मार्शलने तसला कठडा कधी पाहिलाच नव्हता. फ्रान्समधल्या आंजू प्रांताच्या 'रने' नावाच्या राजाचा सुंदर सचित्र टूर्नामेंट-ग्रंथही १४६० च्या आसपासचा. त्यात बोथट तलवारी, गदा, कुलचिन्हांची तपासणी, परीक्षक असं सगळं नियमबद्ध आहे. तो बघून बाराव्या शतकाची कल्पना करू नका.