उजनीचा फुगवटा, दाजींची होडी आणि माझी वाया गेलेली सकाळ

मे महिना, उजनी धरण मायनसमध्ये गेलेलं, म्हणजे वापरायचा साठा संपलेला, आणि दाजींचा आठवड्यात चौथा फोन: "होडी जाती झोकात, येताना वल्हं मारावं लागतंय." माझं सोलापुरात दुचाकीचं गॅरेज आहे. तेवढ्या भांडवलावर अक्काच्या घरात मी बोटीच्या इंजिनाचाही डॉक्टर ठरलो.

पहाटे पाचला निघालो. मोहोळ, मोडनिंब करत टेंभुर्णी, नव्वदेक किलोमीटर. तिथून करमाळ्याचा रस्ता धरायचा, कंदरच्या केळीच्या बागा मागे टाकत जेऊर, मग चिखलठाणमार्गे कुगावच्या अंगाला. काय लागेल ते टेंभुर्णीतच घ्या. पुढे चहा मिळतो, पेट्रोलची नळी मिळत नाही. हे मला दुपारी कळलं. पाणी इतकं आत गेलेलं की होडीपर्यंत गाळ तुडवत जावं लागलं. वरून भेगाळलेला कोरडा दिसतो आणि पाय ठेवला की घोटाभर आत. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.

इंजिन १५ हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, सेकंडहँड घेतलेलं. दुसऱ्या झटक्यात सुरू होतं, संथ ठेवलं तर तासभर कुरकुर नाही. थ्रॉटल पूर्ण दिला की मिनिट-दीड मिनिट पळतं, मग आवाज बसतो आणि गप्प. पाच मिनिटं थांबून दोरी ओढली की पुन्हा तोच खेळ. गावातल्या मिस्त्रीने दोनदा प्लग बदलून, कार्बोरेटर धुऊन, शेवटी "पिस्टन गेला" म्हणून हात वर केले होते.

हसू नका, पण मीही आधी प्लगच काढले. हाताला लागलेलं वळण. प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली, दोन्हीकडे निळी, कडक ठिणगी. गॅप १ मिलिमीटर, हवा तेवढाच. गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं तर दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे, म्हणजे पिस्टन सुटला. तरी ठिणगीला वीज देणारी कॉइल तापल्यावर दगा देत असेल या संशयात मी अकरा वाजवले. ऊन डोक्यावर, कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच डब्यात.

शेवटी पाण्यातच चालवून बघू म्हणून निघालो. भाचा मागे टाकीजवळ बसलेला. टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत रबराचा लिंबाएवढा हातपंप असतो, त्याला बल्ब म्हणतात. पोरगं खेळ म्हणून तो दाबत होतं. इंजिन नेहमीसारखं बसायला लागलं, याने बल्ब दाबला आणि ते एकदम उचललं. त्याने हात काढला, पुन्हा बसलं. मी मागे वळून बघितलं तर बल्ब चोखलेल्या आंब्यासारखा चपटा.

इंजिन बसताना बल्ब दाबून ते उचललं, तर ठिणगीचा नाद सोडा, पेट्रोल कमी पडतंय. बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला. टणक राहूनही इंजिन बसत असेल तर पुढे बघायचं: फिल्टर, पंप, कार्बोरेटर. आणि कितीही दाबून टणक होतच नसेल तर नळी कुठेतरी हवा ओढतेय किंवा बल्बातला वॉल्व्ह गेलाय. सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला तरी हीच लक्षणं.

आमचा स्क्रू उघडा होता. नळी काढून फुंकली, मोकळी. टाकीतली जाळी साफ. मग उलटं केलं: तोंडाऐवजी मोठी सिरिंज लावून ओढलं, आणि दट्ट्या जागच्या जागी अडकला. ब्लेडने नळी उभी चिरली. आतला थर सुटून कातडीसारखा लोंबत होता. फुंकलं की भिंतीला चिकटतो, ओढलं की दार लावतो. दाजींना विचारलं, कुठली नळी? "फवारणीच्या पंपाची. चांगली जाड हाय की."

पेट्रोलला पेट्रोलचीच नळी लागते, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे नळीवर इथेनॉल चालेल असं लिहिलंय ना, तेही बघा. आतून ८ मिलिमीटर. दुचाकीची बारीक नळी या इंजिनाला पुरत नाही. टेंभुर्णीला परत जाऊन आणली, अडीच तास गेले. आल्यावर कार्बोरेटरची वाटी काचेच्या बरणीत रिकामी केली. तळाशी पाण्याचे मण्यासारखे गोळे. महिनाभराचं पेट्रोल टाकीत ठेवू नका. कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, तारेने कोरू नका, ते मोठं होतं. ऑइलही दुचाकीचं नको, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू-३ असं लिहिलेलं घ्या. आमच्या इंजिनाला १० लिटर पेट्रोलमध्ये २०० मिली मिसळायचं.

नवीन नळीवर दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटल, एकदाही दम तुटला नाही. फक्त इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बारीक होती. खाली जलपर्णीची मुळं पाणी ओढायच्या जाळीत गुंतलेली, ती काढल्यावर धार जोरात. गाळात चालवून इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा रबरी पंखा, झिजलाच असणार, तो पावसाळ्यात बदलू.

चार वाजता वारं उठलं तसं काठाला लागलो. मे महिन्यात दुपारनंतर तिथे मोठ्या पाण्यात राहू नये. २०२४ च्या २१ मे रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वाऱ्यात उलटून सहा जण गेले. इंजिन तपासायला निघालात तरी लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकावर नव्हे. दाजींकडे दोनच होती, भाच्याला एक घातलं, दुसऱ्यावरून आमची "तुम्ही घाला, तुम्ही घाला" झाली.

निघताना अक्काने दोन किलो चिलापी बांधून दिली. दाजी चिरलेला भाग कापून उरलेली नळी फवारणीच्या पंपाला परत लावत होते.