आधी कुंडी बघा, मग झाड

मी ऑर्किड लावते म्हटलं की घरचे व्हिडिओ कॉलवर फूल दाखव म्हणतात आणि दाखवलं की एकदम गप्प होतात, कारण ते हिरवं असतं. हिरवट पिवळं, जेमतेम दोन इंचाचं, त्यावर जरा लाल ठिपके. आई तर म्हणाली कळी आहे का अजून. मॉलमधलं ते जांभळं मोठ्ठं फूल डोक्यात असलं की हे म्हणजे गवताला आलेलं काहीतरी वाटतं, आणि फोनमधून वास जात नाही हा सगळा प्रॉब्लेम. इथे चीनमध्ये सुझोउला हिवाळा संपताना बाल्कनीचं दार उघडलं की जो वास येतो तो कसा सांगायचा, गोड आहे पण चिकट नाही, नाक जवळ नेलं की गायब आणि दोन पावलं मागे आलं की परत हजर.

तर हे चायनीज सिंबिडियम, ऑर्किडचंच एक कुळ, इथे नुसतं लान म्हणतात. मुख्य पाच प्रकार: चुनलान, हुइलान, जियानलान, मोलान, हानलान. चुनलानला बहुतेक एका दांड्याला एकच फूल, जानेवारी ते मार्चमध्ये कधीतरी. हुइलानला दांड्यावर आठ-दहा सुद्धा, एप्रिलच्या आसपास. जियानलान उन्हाळ्यात फुलतं आणि मूडमध्ये असलं तर सीझनमध्ये दोन-तीनदा. मोलान चायनीज न्यू इयरच्या सुमाराला, हानलान थंडीत. आपल्याकडे कोकणात आंब्या-फणसाच्या खोडावर जाड पानांचं, खाली लोंबणाऱ्या फुलांचं एक सिंबिडियम दिसतं बघा, अलोइफोलियम, ते याचंच भावंड. पण ते झाडावर राहतं आणि हे जमिनीवर, डोंगरउतारावर, पानांच्या कुजलेल्या थरात. हा फरक लक्षात आला की बाकी अर्धं गणित सुटतं.

कारण मुळं. याची मुळं जाड असतात, शेवयांपेक्षा जाड, पांढरी, आणि लांब, एकेक फूटभर सहज. बाहेर स्पंजसारखा थर असतो तो पाणी पटकन शोषतो, पण सतत ओला राहिला की कुजतो. म्हणजे त्यांना पाणीही पाहिजे आणि हवाही, आणि दोन्ही एकाच ठिकाणी. म्हणून पारंपरिक कुंडी उंच आणि निमुळती असते, तोंड जरा बाहेर वळलेलं, खाली तीन पाय, आणि बुडाला चांगलं मोठं भोक. नवीन माणसाला ती फुलदाणी वाटते. मलाही कुंडी म्हणजे शोभा असंच वाटायचं, पण इथे राहून माझं ठाम मत झालंय की झाड विकत घेण्याआधी कुंडी घ्यावी, कारण पाणी किती दिवसांनी घालायचं हे ठरवते ती कुंडीच, तुम्ही नाही.

सुझोउपासून ताइहू तलावाच्या पलीकडे यीशिंग आहे, तिथलं डिंगशू गाव झिशा मातीसाठी प्रसिद्ध. चहाच्या किटल्या सगळ्या जगाला माहीत आहेत, पण त्याच गल्ल्यांमध्ये कुंड्या करणारी माणसं पण बसलेली असतात आणि त्यांच्याकडे गर्दी नसते, निवांत बघू देतात. ही माती म्हणजे खरं तर दगड, खाणीतून काढून उघड्यावर ऊन-पाऊस खात ठेवतात, मग दळून भिजवतात. चाकावर नाही करत. लाकडी हातोडीने थापून थापून पट्टी करतात, ती गोल गुंडाळून नळकांडं, आणि मग आतून बोटांचा आधार देऊन बाहेरून लाकडी फळीने ठोकत ठोकत पोट काढतात. तो टप टप आवाज गल्लीभर. शेवटी पाय लावायचे, बुडाला शिक्का. साधारण 1100 ते 1200 अंशाला भाजतात, आतून-बाहेरून ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप नाही, त्यामुळे भिंतीतून थोडी हवा जाते, ओल बाहेर येते. माठातलं पाणी गार का राहतं तेच इथे मुळांच्या बाबतीत होतं, फक्त माठाइतकं नाही कारण ही माती जास्त घट्ट भाजलेली असते.

आता इथे एक भांडण आहे. जुने लोक सांगतात की झाड वाढवायला कमी भाजलेली साधी करड्या मातीची कुंडीच बेस्ट, झिशा फक्त फूल आलं की मिरवायला. माझ्या शेजारच्या आजोबांकडे तसंच असतं, वर्षभर झाडं त्या भुरकट कुंड्यांत आणि कळी दिसली की पाहुण्यांसाठी चांगल्या कुंडीत. मला ही दोन-दोन बिऱ्हाडं झेपत नाहीत, मी सरळ झिशामध्येच ठेवते आणि पाणी जरा कमी घालते. ग्लेझवाली निळी-पांढरी चिनी मातीची कुंडी मात्र नकोच, दिसते छान पण आत ओल अडकून बसते. घेणारच असाल तर भोक बघा, अंगठा जात नसेल तर ठेवून द्या. आत हात घालून सांधा लागतोय का बघा, हाताने केलेल्या कुंडीत बहुतेक वेळा तो लागतो, साच्यातली आतून गुळगुळीत असते. आणि स्वस्तात ओरिजिनल खाणीची माती म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जा.

भरताना तळाला भोकांचं एक टोपरं उपडं ठेवतात म्हणजे मुळांच्या गड्ड्याला मधूनही हवा मिळते. मग जाड खडी, वर बारीक होत जाणारं प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, भोकाभोकांचा दगड), पाइनची साल, सगळ्यात वर शेवाळ. बागेची माती अजिबात नाही. आणि कंद तीन-तीनच्या जुडग्यातच ठेवायचे, सुटा कंद लावला की तो जगतो पण वर्षानुवर्षं रुसून बसतो.

पाणी घालायला शिकायला तीन वर्षं लागतात असं इकडे म्हणतात. जूनमध्ये इथे मेइयूचा पाऊस लागतो, बारीक, दिवसेंदिवस, भिंती घामेजतात, मुंबईकरांना सांगायला नकोच. तेव्हा बुंध्याशी पांढरं जाळं दिसलं की समजायचं बुरशी आली, झाड लगेच बाजूला. त्या दिवसांत मी पंखा लावते आणि पाणी जवळपास बंद. नवरा म्हणतो मला गरम होतं तेव्हा पंखा नसतो.

फुलाचं कौतुक पण इथे वेगळंच आहे. पाकळी प्लमच्या फुलासारखी गोल आहे की कमळासारखी रुंद की नार्सिससची, मधल्या जिभेवर ठिपके आहेत की ती कोरी आहे, यावर तासन्‌तास बोलतात. सोंग मेई नावाचं चुनलान शाओशिंगला अठराव्या शतकातल्या चियेनलोंग बादशहाच्या काळात सापडलं म्हणतात, ते अजून बाजारात आहे आणि आता साध्या माणसाला परवडतं. 2000 नंतरच्या दशकात यात सट्टा घुसला होता, एकेका रोपाला घराची किंमत, मग धाडकन खाली आलं सगळं. माझ्या मते बरंच झालं.

चीनमधलं सोंग राज्य मंगोलांनी घेतल्यावर झेंग सीशियाओ नावाच्या चित्रकाराने लान काढलं ते खाली जमीन न दाखवता, जमीनच परक्यांनी नेली म्हणून. त्याचं 1306 चं चित्र आता ओसाकाच्या म्युझियममध्ये आहे. मोजकी पाती आणि फूल, बस.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी विचारतात आम्हाला जमेल का. चुनलानचा नाद सोडा, त्याला थंडीचे काही आठवडे दहा अंशाच्या खालचे लागतात, नाहीतर कळ्या आतच सुकतात. जियानलान उकाडा सोसतं, पूर्वेकडची सकाळची उन्हं मिळणारी गॅलरी असेल तर करून बघा. पण मला बॅगेतून आण म्हणू नका. सगळीच ऑर्किड CITES (साइट्स) या जंगली झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत, आणि 2021 पासून चीनमध्ये जंगली सिंबिडियमच्या जवळजवळ सगळ्या जाती संरक्षित आहेत, तरी रस्त्याकडेला डोंगरातून उपटून आणलेली रोपं गोणीत घेऊन बसलेले लोक दिसतातच. त्यांच्याकडून तर मुळीच घेऊ नये, तशी रोपं बहुतेक वेळा जगतही नाहीत. कुंडी हवी असेल तर सांगा, दिवाळीला येताना दोन बसतील बॅगेत, उंची आधी कळवा म्हणजे कपडे त्या हिशोबाने भरते.